हीटर थंड होता, हे कुणी लिहूनच घेतलं नाही

इंजिन तापलेलं असताना हीटर लावला तर आतून गरम हवा आलीच पाहिजे. ती आली नाही, तर एकतर इंजिनात कूलंट नाही, किंवा आहे पण फिरत नाही. मोटार दुरुस्तीच्या धंद्यातली ही अगदी सुरुवातीला शिकायची गोष्ट आहे. मी ती वर्कशॉपच्या काउंटरवर उभी राहून सांगितली, प्रत्येक खेपेला सांगितली, आणि प्रत्येक खेपेला जॉब कार्डावर लिहिलं गेलं ते एवढंच : 'ओव्हरहीटिंग, चेक अँड रिपोर्ट'. त्या चार शब्दांपायी कूलंट बदललं गेलं, थर्मोस्टॅट बदलला गेला आणि शेवटी 'इंजिन खोलावं लागेल' इथपर्यंत मजल गेली. इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं. हायब्रिड गाड्या आता तालुक्याच्या गावांतही दिसायला लागल्या आहेत. त्या चालवणाऱ्यांना, आणि त्यातही काउंटरवर एकट्या जाणाऱ्या बायकांना, उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे. आणि खरं सांगायचं तर मनातून ते अजून जात नाही, म्हणूनही.

माहेर चिपळूणचं, घर कऱ्हाडला. त्यामुळे कुंभार्ली घाट माझ्या पायाखालचा. मे महिन्यात आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी कऱ्हाडला आणत होते. पोफळी मागे पडली, चढ लागला. पुढे भरलेला ट्रक, त्याच्या पुढे आणखी एक. ओव्हरटेकला जागा नाही, वेग वीस-पंचवीसचा, एसी चालू. अर्ध्या घाटात डॅशबोर्डवर लाल दिवा लागला आणि पडद्यावर सूचना आली की इंजिन फार तापलंय, गाडी सुरक्षित जागी थांबवा.

आमच्या गाडीत तापमानाचा काटाच नाही. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत नसतो. थंड इंजिनाला निळा दिवा, फार तापलं तर लाल, आणि मधल्या सगळ्या टप्प्याबद्दल चालकाला काही कळण्याची सोय नाही. काटा असता तर तो चढताना दिसला असता, घाटाच्या पायथ्याशीच थांबता आलं असतं. गाडीत एवढा मोठा पडदा बसवणाऱ्यांना त्याच्या कोपऱ्यात तापमानाचा एक आकडा दाखवणं जड का व्हावं, हे मला आजही समजत नाही.

वळणावर रुंद जागा मिळाली तिथे गाडी बाजूला घेतली. एसी बंद केला आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा पूर्ण वेगात केला. हीटर म्हणजे गाडीच्या आतला छोटा रेडिएटरच असतो. इंजिनातलं गरम कूलंट त्यातून फिरतं, त्यामुळे इंजिनाची थोडी उष्णता आत काढून घेता येते. हे मला वडिलांनी शिकवलं होतं. त्यांची जीप होती, त्याच घाटात. मी खिडक्या उघडल्या, आईला पदर तोंडावर घ्यायला सांगितलं, कारण आता भट्टीसारखी हवा येणार. आली ती बाहेरच्या हवेसारखी. हात जाळीपाशी धरून ठेवला. कोमटसुद्धा नाही. पुढे रेडिएटरचा पंखा घोंघावत होता, पडद्यावर लाल दिवा, आणि हीटर थंड.

गाडी बंद केली. वाफ नव्हती. बऱ्याच वेळाने बॉनेट उघडलं. कूलंटच्या टाकीत पातळी खुणेवर होती तिथेच, खाली एक थेंब नाही. अर्ध्या-पाऊण तासाने गाडी सुरू झाली, दिवा विझलेला. हळूहळू माथा गाठला आणि हेळवाकपासून घरापर्यंत काहीही त्रास नाही. जणू काही घडलंच नव्हतं.

या एवढ्या वर्णनात निदान होतं. पातळी बरोबर, गळती नाही, पंखा चालू, हीटर थंड, गार झाल्यावर सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी कागदावर लिहून नेलं.

अ‍ॅडव्हायझर मुलगा नम्र होता, यात वाद नाही. पण माझा कागद त्याने घडी करून क्लिपबोर्डाखाली ठेवला आणि विचारलं, "मॅडम, एसी लावून घाट चढलात का?" मी हो म्हणाले. "मग होतं थोडंफार. हायब्रिडला लोड येतो." मी हीटरचं सांगितलं. तो म्हणाला, "मे महिन्यात हीटर कशाला लावलात?" मी कारण सांगायला लागले, तेवढ्यात नवरा गाडी लावून आत आला. त्यानंतर तो मुलगा माझ्याशी बोललाच नाही. "सर, आम्ही पूर्ण चेक करून घेतो." सरांनी ती गाडी घाटात एकदाही चालवलेली नाही. ते स्वतःच म्हणाले, "गाडी ती चालवते, तिला विचारा." तरी मान त्यांच्याकडेच.

संध्याकाळी फोन आला, प्रॉब्लेम सापडला नाही. गाडी बेमध्ये उभी करून चालू ठेवली, तापमान नॉर्मल, कॉम्प्युटरमध्ये बिघाडाचे कोड नाहीत. खबरदारी म्हणून कूलंट बदललंय, त्याचं बिल.

आता इथे जरा थांबते, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते. हायब्रिड गाडी उभी असताना इंजिन सतत चालू राहतच नाही. गाडी 'रेडी' करा, म्हणजे सुरू करा, गरम होईपर्यंत इंजिन चालेल आणि मग आपोआप बंद होईल. बॅटरी उतरली की मिनिटभर चालेल, पुन्हा बंद. म्हणजे गाडी तासभर 'चालू' ठेवली असं ते म्हणतात तेव्हा इंजिनाने त्यातला बराचसा वेळ विश्रांती घेतलेली असते. अशा चाचणीत गाडी तापलीच तर नवल. इंजिन सलग चालत ठेवण्यासाठी या गाड्यांत मेंटेनन्स मोड नावाची सोय असते. ठरावीक क्रमाने अ‍ॅक्सिलरेटर दाबून किंवा स्कॅनरने ती चालू करतात. वर्कशॉपमध्ये गाडी दिली की पहिला प्रश्न हाच विचारा : मेंटेनन्स मोडमध्ये किती वेळ चालवली आणि कूलंटचं तापमान कितीपर्यंत गेलं? आकडा मागा. 'नॉर्मल' हा आकडा नव्हे. आणि तक्रार घाटातली असेल तर ट्रायल चढावरच घ्यायला लावा, शेजारी स्वतः बसून. मी बसायला तयार होते. 'इन्शुरन्समध्ये बसत नाही' असं उत्तर मिळालं.

नवीन कूलंट घातल्यावर पहिल्याच खेपेत गाडी पुन्हा तापली, या वेळी घाटाच्या आणखी खाली. पुन्हा हीटर थंड. पुन्हा काउंटर. या वेळी निदान झालं थर्मोस्टॅटचं. थर्मोस्टॅट म्हणजे ऐंशी-पंचाऐंशी अंशांच्या आसपास उघडणारी झडप. ती बंदच राहिली तर इंजिन तापतं हे खरं. पण ती फक्त रेडिएटरकडची वाट अडवते. हीटरकडे जाणारी वाट बहुतेक गाड्यांत वेगळी असते आणि थर्मोस्टॅट बंद असतानाही तिथून कूलंट फिरत राहतं, म्हणून तर थंडीत इंजिन पूर्ण तापायच्या आधी गाडीत ऊब येते. थर्मोस्टॅट गेला असता तर हीटरने आग ओकली असती. हे मी त्यांना सांगितलं. भौतिकशास्त्र शिकवते मी अकरावी-बारावीला, हे काही मला अवघड नव्हतं. "मॅडम, टेक्निशियन सर्टिफाइड आहेत," एवढंच उत्तर. थर्मोस्टॅट बदलला. जुना मागितला तर तो 'स्क्रॅपमध्ये गेला' होता.

तरीही गाडी तापलीच. तिसऱ्या वेळी फ्लोअर मॅनेजर स्वतः आले. त्यांनी आधी विचारलं, गाडी चिपळूणच्या पुरात होती का? २०२१च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी आमच्या माहेरच्या घरात छातीपर्यंत शिरलं होतं. आईच्या लग्नातलं लाकडी कपाट त्यात गेलं. गाडी त्या दिवशी कऱ्हाडला आमच्या दारात होती. ज्या पुराने गावाची दैना केली त्याचा असा उपयोग कुणी आपली जबाबदारी झटकायला करावा, याचा मला फार राग आला आणि तो राग अजून आहे. मी सर्व्हिस रेकॉर्ड पुढे ठेवलं तेव्हा तो विषय संपला. मग म्हणाले, हेड गॅस्केट गेलंय. हेड उतरवायचं, फेसिंग करायचं, एस्टिमेट लाखाच्या घरात. आणि जाता जाता : "सर, हायब्रिड बॅटरीचंही वय झालंय, एकदा तीही बघून घ्या." हे पुन्हा सरांना.

हेड गॅस्केट कसं तपासलं, असं मी विचारलं. उत्तर होतं, 'सिम्प्टम्सवरून'.

हे उत्तर कुणालाही मिळालं तर गाडी तिथून उचला. गॅस्केट गेलंय की नाही हे ओळखायला इंजिन खोलावं लागत नाही आणि अंदाजही करावा लागत नाही. कूलंटच्या टाकीच्या तोंडाशी एक नळी लावतात, तिच्यात निळं द्रव असतं. गॅस्केटमधून जळलेला वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर ते निळं द्रव पिवळं पडतं. दुसरी चाचणी दाबाची : कूलंटच्या यंत्रणेत हातपंपाने हवा भरून काटा उतरतो का ते पाहायचं. दोन्ही स्वस्त, दोन्ही अर्ध्या तासाच्या. शिवाय गॅस्केट जाताना लक्षणं निराळी असतात. बाहेर गळती नसताना कूलंट कमी होत जातं, सकाळी पहिल्यांदा सुरू करताना इंजिन थरथरतं, सायलेन्सरमधून पांढरा गोडसर वासाचा धूर येतो. माझ्या टाकीतली पातळी पहिल्या दिवसापासून हलली नव्हती.

गाडी उचलली. पाटण रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये एकाचं गॅरेज आहे. तिशीचा असेल. आधी मोठ्या वर्कशॉपमध्ये नोकरीला होता, आता स्वतःचं. मी नेहमीप्रमाणे सगळं सांगायला सुरुवात केली. हीटरपाशी आले तसा तो हातातला पाना खाली ठेवून म्हणाला, "परत सांगा ताई. दिवा लाल, आणि हीटर थंड?" मी म्हटलं, हो. "प्रत्येक वेळी?" प्रत्येक वेळी. "मग पाणी फिरत नाही." इतके दिवस जे वाक्य मी तोंडाने सांगत होते ते पहिल्यांदा कुणीतरी कानाने ऐकलं.

त्याने स्कॅनर लावला. टॅब्लेटच्या पडद्यावर चार आकडे एकाखाली एक मांडले : कूलंटचं तापमान, इंजिनाचे फेरे, रेडिएटरच्या पंख्याची आज्ञा, वॉटर पंपाचे फेरे. मग मेंटेनन्स मोड लावून इंजिन सलग चालू ठेवलं आणि मला स्टूल दिलं. "बघत बसा, तुम्हीच आकडे सांगा मला." तो बॉनेटमध्ये वाकलेला, मी आकडे वाचते आहे. ८२, ८५, ८८. पंप फिरतोय. ९०वर बराच वेळ स्थिर. मला वाटलं, इथेही काही सापडणार नाही. त्याने पुठ्ठ्याने रेडिएटरचा थोडा भाग झाकला, म्हणजे घाटासारखा ताप चढेल. ९३, ९५. आणि मग वॉटर पंपाच्या फेऱ्यांचा आकडा एकदा थरथरला, खाली आला, पुन्हा वर गेला आणि शून्य झाला. इंजिन चालूच. ९८. १०१. "शून्य," मी जवळजवळ ओरडलेच. त्याने लगेच पुठ्ठा काढला आणि रेडिएटरच्या खालच्या पाइपाला हात लावून म्हणाला, "या, हात लावा. वरचा नको, भाजेल. खालचा." इंजिन शंभराच्या वर आणि खालचा पाइप कोमट. तेवढ्यात डॅशबोर्डवर पिवळा इंजिनाचा दिवा लागला आणि स्कॅनरवर वॉटर पंपाचा कोड उमटला.

पंप गेला असं त्याने लगेच जाहीर केलं नाही, हे मला फार आवडलं. पंप थांबलेला असतानाच त्याने त्याच्या कनेक्टरमागून मीटरच्या सुया घातल्या. बारा व्होल्ट येत होते, अर्थिंग ठीक होतं, कॉम्प्युटरकडून येणारी आज्ञाही पोचत होती. म्हणजे वायर नाही, फ्यूज नाही, रिले नाही. वीज येतेय, हुकूम येतोय, तरी पंप फिरत नाही, मग दोष पंपाचाच. निळ्या द्रवाची चाचणीही केली. निळंच राहिलं. हेड शाबूत होतं.

पूर्वीच्या गाड्यांत वॉटर पंप पट्ट्यावर फिरायचा. इंजिन फिरलं की तो फिरला. हायब्रिडमध्ये इंजिन सिग्नलला बंद, उतारावर बंद, म्हणून पंपाला स्वतंत्र मोटर आली. २००९ साली आलेल्या तिसऱ्या पिढीच्या प्रियस या हायब्रिड गाडीत तर इंजिनावर एकही पट्टा ठेवला नव्हता. आज अनेक कंपन्यांच्या हायब्रिड गाड्यांत ही पद्धत आहे. तिचा फायदा खरा आहे, गरजेपुरतंच कूलंट फिरतं आणि पेट्रोल वाचतं. पण पट्ट्याचा पंप जाताना आवाज करतो, गळतो, चार दिवस आधी सांगून जातो. विजेचा पंप काही न बोलता थांबतो, आणि पुष्कळदा फक्त तापल्यावर थांबतो. गार झाला की पुन्हा फिरायला लागतो. सपाट रस्त्यावर इंजिनाला मधूनमधून विश्रांती मिळते म्हणून त्याचं चालून जातं. घाटात बॅटरी लवकर उतरते, इंजिन एकटं सलग राबतं, आणि पंप तिथेच दगा देतो.

एवढ्यावर मी समाधानाने घरी गेले असते. पण त्या गॅरेजवाल्याने टॅब्लेटवर आणखी एक पान उघडलं आणि विचारलं, "ताई, वर्कशॉपमधून गाडी काढली तेव्हा किलोमीटर किती होते?" गेट पास पर्समध्येच होता. आताच्या बहुतेक गाड्यांचा कॉम्प्युटर एक आकडा साठवून ठेवतो : कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली. तो आकडा त्या दिवशीच्या रीडिंगमधून वजा केला. गेट पासवरचं रीडिंग आलं. त्याच खेपेच्या जॉब कार्डावर छापलेलं होतं : कोड, निरंक.

मी ती वजाबाकी गेट पासच्या मागे पुन्हा करून पाहिली. तेच उत्तर. बारा व्होल्टची बॅटरी सोडवली तरीही हा आकडा शून्यावर येऊ शकतो, तेव्हा न्यायाने बोलायचं तर तीही शक्यता धरली पाहिजे. पण बॅटरी सोडवल्याची कुठलीही नोंद त्यांच्या कागदावर नव्हती. दोन्हीपैकी काहीही झालं असलं, तरी गाडीने स्वतःच्या आजाराची लिहून ठेवलेली चिठ्ठी त्यांच्या दारात फाडली गेली, आणि मला सांगितलं गेलं की चिठ्ठी नव्हतीच. घाटातल्या त्या क्षणाचं तापमान, इंजिनाचे फेरे, गाडीचा वेग, हे सगळं कोडासोबत गोठवून ठेवलेलं असतं. ते वाचायला पाच मिनिटं लागतात. ते पुसून टाकल्यावर त्यांनी माझ्या इंजिनाचं हेड उतरवायला निघावं!

म्हणून माझी पहिली विनवणी ही : तापलेली गाडी वर्कशॉपला द्यायच्या आधी कोड स्वतः वाचून त्यांचा फोटो काढून ठेवा. ब्लूटूथवर चालणारं छोटं ओबीडी यंत्र मिळतं, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचं आणि मोबाइलवर अ‍ॅप उघडायचं. पी०२१७ हा इंजिन फार तापल्याचा सर्वसाधारण कोड. पी०ए९३ म्हणजे इन्व्हर्टरच्या कूलिंगचा. पी०ए८० असेल तर तो हायब्रिड बॅटरीचा. स्वस्त यंत्रं प्रत्येक कंपनीचे सगळे कोड वाचत नाहीत, पण कूलंटचं तापमान मात्र नक्की दाखवतात. मी आता घाटात ते समोरच लावून ठेवते. साधारण ८५ ते ९५ मध्ये असतं, चढावर थोडं वर जातं. १०५ दिसलं की मी लाल दिव्याची वाट पाहत नाही.

दुसरं, जॉब कार्ड. आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहिली जाईपर्यंत सही करू नका. 'चढावर अमुक वेळ चालवल्यावर लाल दिवा, पातळी पूर्ण, पंखा चालू, हीटर थंड' असं पूर्ण वाक्य. जागा नाही म्हणाले तर मागच्या बाजूला लिहा आणि फोटो काढा. बदललेला प्रत्येक भाग परत मागा, तेही आधीच, लेखी.

इंजिन, इन्व्हर्टर आणि मोठी बॅटरी या तिघांचं तापणं वेगवेगळं आहे, हेही ध्यानात ठेवा, कारण काउंटरवर तिन्ही एकत्र कालवून घाबरवतात. आमच्या गाडीसारख्या गाड्यांत इंजिनाचं कूलंट आणि इन्व्हर्टरचं कूलंट यांच्या टाक्या निराळ्या असतात. 'कूलंट बदललं' म्हणाले तर कोणत्या टाकीचं ते विचारा. रेडी केल्यावर बऱ्याच गाड्यांत इन्व्हर्टरच्या टाकीत पाणी हललेलं दिसतं, तो पंप चालू असल्याची ती खूण. मोठी बॅटरी पुष्कळ गाड्यांत हवेने थंड होते. तिची जाळी मागच्या सीटच्या बाजूला किंवा खाली असते. तिच्यावर पिशव्या, चादरी ठेवू नका आणि तिचा फिल्टर साफ करत जा. या बॅटरीला बऱ्याच कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वेगळी वॉरंटी देतात. ती 'बघून घ्या' असं कुणी म्हणालं तर आधी वॉरंटीचं कार्ड बघून घ्या.

गाडी केव्हा तापते यावरून बरंच कळतं. गर्दीत, उभ्या उभ्या, एसी लावल्यावर तापत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर बरी होत असेल तर पंखा बघा. घाटात आणि जोरात चालवतानाच तापत असेल तर प्रवाह, म्हणजे पंप किंवा आतून-बाहेरून बुजलेला रेडिएटर. थंड गाडी सुरू केल्यावर काही मिनिटांत तापली तर थर्मोस्टॅट किंवा कूलंटच नाही. हीटरची चाचणी मात्र तिन्ही वेळी करा, तिला पैसे पडत नाहीत. कोकणातल्या लाल धुळीने आणि चिलटांनी रेडिएटरच्या पुढची जाळी भरते, ती पाण्याच्या हलक्या धारेने धुवावी.

इंजिन तापलं तर उरलेला घाट बॅटरीवर चढा, असा सल्ला मला एका शहाण्या माणसाने दिला होता. देऊ नका असे सल्ले. साध्या हायब्रिडची बॅटरी एक-दीड युनिटच्या आसपास असते, घाटात ती बघता बघता उतरते आणि मग तापलेलं इंजिन आपल्याला न विचारता सुरू होतं. बाजूला घ्या, एसी बंद, क्षणभर हीटर तपासा, मग गाडी पूर्ण बंद करा. चावी गाडीपासून लांब ठेवा, नाहीतर रेडी असलेल्या गाडीचं इंजिन किंवा पंखा हात आत असताना सुरू होऊ शकतो. नारिंगी वायरींना कधीही हात लावायचा नाही, त्यात जीव घेणारा विजेचा दाब असतो. आणि गरम इंजिनाचं कूलंटचं झाकण कुणी कितीही घाई केली तरी उघडू नका. दाबाखालचं कूलंट शंभराच्या वरही उकळत नाही, झाकण सैल होताच ते एकदम उसळून अंगावर येतं.

नवीन पंप बसवल्यावर हवा काढायचं काम बघायला मी मुद्दाम थांबले होते. विजेच्या पंपाच्या गाड्यांत नुसतं कूलंट ओतून भागत नाही. स्कॅनरने पंप फिरवून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून बुडबुडे संपेपर्यंत वाट पाहायची. हवा अडकली तर नवा पंपही कूलंट ढकलू शकत नाही. वर्कशॉपने कूलंट बदललं तेव्हा गाडी दुसऱ्या वेळी आणखी खालीच का तापली, याचं कारण त्या गॅरेजवाल्याच्या मते हेच असावं. काम झाल्यावर त्याने मला आत बसवलं आणि जाळीपाशी हात धरायला सांगितला. चटका बसला.

त्यानंतर कुंभार्ली चढले, आई शेजारी, यंत्र समोर. आकडा ९७च्या वर गेला नाही.

वर्कशॉपमध्ये पुन्हा गेले, स्कॅनरचे फोटो, गेट पास आणि जॉब कार्ड घेऊन. मॅनेजरांनी फोटो पाहिले आणि 'आमच्या सिस्टिममध्ये असं काही दिसत नाही' म्हणाले. पुढच्या सर्व्हिसिंगला सवलत देऊ केली. मी सवलत मागायला गेले नव्हते. न लागणाऱ्या थर्मोस्टॅटचे, कूलंटचे आणि सगळ्या खेपांच्या लेबरचे पैसे परत हवेत आणि कोड कुणी पुसले याचं लेखी उत्तर हवं, असं पत्र त्यांना रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात जायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क पडत नाही. गाडीतून काढलेला जुना पंप, त्याच्या कनेक्टरवरच्या व्होल्टेजची नोंद आणि त्या गॅरेजवाल्याचं सहीचं निवेदन माझ्याकडे आहे. पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही. सुट्टी लागली की अर्ज टाइप करायला घेणार आहे.